जुन्या डेस्कटॉप संगणकातील ग्राफिक्स कार्ड बदल व दोषनिवारण

जुन्या डेस्कटॉप संगणकात मूळ ग्राफिक्स कार्डाच्या जागी, किंवा अंगभूत ग्राफिक्सऐवजी, अधिक सक्षम कार्ड बसवल्यानंतर उद्भवणाऱ्या अडचणींचे कारण शोधून ते दूर करण्याच्या प्रक्रियेस ग्राफिक्स कार्ड बदलाचे दोषनिवारण म्हणतात. पडदा काळाच राहणे, संगणक सुरू न होणे, खेळ चालू असताना तो अचानक बंद पडणे, आणि कार्ड बसूनही चित्राच्या गतीत फरक न पडणे ही नेहमी आढळणारी लक्षणे होत. ही लक्षणे दिसताच दोष नव्या कार्डावर ढकलला जातो. प्रत्यक्षात कारण बहुधा एसएमपीएस, बायोस, ड्रायव्हर किंवा केबल यांत असते. कार्ड परत करणे, नवा एसएमपीएस घेणे की संपूर्ण संगणकच बदलणे, हा खर्चाचा निर्णय या निदानावर अवलंबून असतो.

स्लॉट व सुसंगतता

ग्राफिक्स कार्डांसाठीचा एजीपी स्लॉट इंटेलने १९९७ मध्ये आणला. पीसीआय एक्सप्रेसची पहिली आवृत्ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली व काही वर्षांत तिने एजीपीची जागा घेतली. हे दोन स्लॉट एकमेकांशी जुळत नाहीत. एजीपी असलेल्या संगणकात आजचे कार्ड बसवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पीसीआय एक्सप्रेसच्या निरनिराळ्या आवृत्त्या मात्र परस्परांशी सुसंगत आहेत. ४.० आवृत्तीचे कार्ड २.० आवृत्तीच्या स्लॉटमध्ये चालते, फक्त वेग जुन्या आवृत्तीचा राहतो.

पूर्ण १६ मार्गिका वापरणाऱ्या कार्डाला याची झळ सहसा फारशी लागत नाही. मात्र काही स्वस्त कार्डे केवळ ४ मार्गिका वापरतात. २०२२ मध्ये आलेले एएमडीचे आरएक्स ६५०० एक्सटी हे याचे ठळक उदाहरण होय. ४.० आवृत्तीवर ४ मार्गिकांतून एका दिशेने सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइट माहिती जाते, ३.० वर ४ आणि २.० वर अवघी २. स्मृती कमी असलेल्या अशा कार्डाची कामगिरी जुन्या मदरबोर्डावर लक्षणीय घसरते, आणि हा दोष कोणत्याही दुरुस्तीने जात नाही.

वीजपुरवठा

अडचणींचे सर्वांत मोठे मूळ येथे असते. पीसीआय एक्सप्रेसच्या १६ मार्गिकांच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ६ पिनांची जोडणी आणखी ७५ वॅट, तर ८ पिनांची १५० वॅट देते. काही छोट्या कार्यालयीन संगणकांत उत्पादकानेच स्लॉटची मर्यादा ७५ वॅटपेक्षा कमी ठेवलेली असते. तेव्हा संगणकाची मार्गदर्शिका पाहणे अगत्याचे ठरते.

एसएमपीएसवर छापलेला एकूण वॅटचा आकडा पुरेसा नसतो. ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सर्व वीज १२ व्होल्टच्या वाहिनीतून घेते, म्हणून त्या वाहिनीचे अँपिअर पाहावेत. १२ व्होल्टवर १८ अँपिअर म्हणजे २१६ वॅट, आणि त्यातूनच प्रोसेसरही चालतो. शिवाय दहा वर्षे चाललेल्या एसएमपीएसमधील कपॅसिटर क्षीण झालेले असतात, त्यामुळे छापील क्षमता तो देईलच असे नाही.

संगणक एरवी नीट चालतो, पण खेळ सुरू होताच क्षणात बंद पडून पुन्हा सुरू होतो, हे अपुऱ्या विजेचे नेहमीचे लक्षण आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तेव्हा ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. तिचा अर्थ संगणक नियमितपणे बंद झाला नाही एवढाच आहे. एसएमपीएस सदोष असल्याचा तो पुरावा नव्हे. खात्री करण्यासाठी एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या प्रणालीतून कार्डाची वीजमर्यादा तात्पुरती कमी करावी. त्यानंतर संगणक बंद पडणे थांबले, तर संशय एसएमपीएसवर घेण्यास आधार मिळतो.

६ पिनांची केबल नसल्यास साटा जोडणीतून ती तयार करणारे रूपांतरक बाजारात स्वस्तात मिळतात. ते टाळावेत. साटा जोडणीची १२ व्होल्टवरील क्षमता ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅट एवढीच असते. त्याहून अधिक भार पडल्यास जोडणी वितळण्याचा धोका संभवतो. कार्यालयांतून निवृत्त झालेल्या ब्रँडेड संगणकांत आणखी एक अडसर असतो. उदाहरणार्थ, डेलच्या ऑप्टिप्लेक्स ९०२० मध्ये मदरबोर्डाला नेहमीच्या २४ पिनांऐवजी ८ पिनांची जोडणी आहे, त्यामुळे बाजारातील साधा एसएमपीएस रूपांतरकाशिवाय जोडता येत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून असे संगणक विकत घेणाऱ्यांसाठी बाह्य वीजजोडणी न लागणारे कार्ड हाच बहुधा शहाणपणाचा पर्याय ठरतो. जीटीएक्स ७५० टीआय हे ६० वॅटचे व जीटीएक्स १०५० टीआय हे ७५ वॅटचे कार्ड याच कारणाने दीर्घकाळ मागणीत राहिले. मात्र अरुंद कॅबिनेटसाठी त्यांची कमी उंचीची आवृत्तीच घ्यावी लागते.

एसएमपीएस स्वतः उघडू नये. वीज काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये घातक विद्युतभार शिल्लक असू शकतो.

पडदा काळा राहणे

प्रथम केबल पाहावी. मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या जोडणीतच राहणे ही अगदी सामान्य चूक आहे. नवे कार्ड ओळखले जाताच अनेक मदरबोर्ड अंगभूत ग्राफिक्स बंद करतात. भारतात व्हीजीए मॉनिटर अद्याप मोठ्या संख्येने वापरात असल्याने येथे दुसरी अडचणही येते. एएमडीने आर९ २९० पासून, तर एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून डीव्हीआय जोडणीतील अॅनालॉग संकेत काढून टाकले. अशा कार्डांवर डीव्हीआयवरून व्हीजीए करणारा साधा रूपांतरक चालत नाही. अंकीय संकेताचे रूपांतर करणारा सक्रिय रूपांतरक लागतो.

त्यानंतर वीज पूर्ण काढून कार्ड पुन्हा बसवावे. दमट हवेत कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर साचतो. तंत्रज्ञ तो खोडरबराने पुसतात. हा उपाय चालतो, परंतु आयसोप्रोपिल अल्कोहोल अधिक सुरक्षित. मदरबोर्डाला स्पीकर असल्यास त्याचे आवाज मोजावेत. अवॉर्ड बायोसमध्ये एक दीर्घ व दोन ऱ्हस्व आवाज ग्राफिक्समधील दोष दर्शवतात, तर एएमआय बायोसमध्ये आठ आवाज.

बायोस व यूईएफआय

नवे कार्ड दुसऱ्या संगणकात व्यवस्थित चालत असूनही जुन्यात चित्र येत नसल्यास बायोसकडे वळावे. काही जुन्या ब्रँडेड संगणकांचे बायोस नवी कार्डे ओळखत नाहीत, आणि उत्पादकाची शेवटची बायोस आवृत्ती हाच त्यावर इलाज असतो. अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. भारनियमनाच्या भागात यूपीएसविना हे काम करू नये. सीएसएम हा पर्याय बंद केल्यास जुन्या एमबीआर पद्धतीने स्थापित केलेली विंडोज सुरू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसाइझेबल बार या सुविधेची गरज असते. तिच्याविना त्यांची गती फार घटते, म्हणून जुन्या संगणकासाठी ती निवडू नयेत.

ड्रायव्हर

जुने ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ने काढून मग नवे स्थापित करणे श्रेयस्कर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर’ दिसल्यास ड्रायव्हर बसलेलाच नाही, असे समजावे. एनव्हिडियाने ३२ बिट प्रणालींसाठी नवे ड्रायव्हर देणे २०१८ मध्ये थांबवले, आणि विंडोज ७ साठीचे नियमित ड्रायव्हर २०२१ मध्ये. इव्हेंट व्ह्यूअरमधील ४१०१ ही नोंद ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवून पुन्हा सुरू केल्याचे सांगते. विंडोज यासाठी मुळात २ सेकंद वाट पाहते.

बनावट कार्डे

सर्व तपासण्या होऊनही गती अपेक्षेपेक्षा फारच कमी असल्यास कार्डाच्या खरेपणाची शहानिशा करावी. जुन्या जीटीएस ४५० चे बायोस बदलून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकण्याचे प्रकार झाले आहेत. जीपीयू-झेड ही निःशुल्क प्रणाली २०१८ पासून अशी कार्डे ओळखून त्यांच्या नावापुढे बनावट असल्याची खूण दाखवते.