दुरुस्तींतून उपजलेला दोष

हिंगणघाटच्या कापूसबाजारांतला मुनीम वहींत एक ओळ लिहितो आणि लेखणी खालच्या कोऱ्या ओळीवर नेतो. ही क्रिया इतकी अंगवळणी पडलेली असते कीं, तिचें त्याला भानहि नसतें. समजा, एके दिवशीं ओळ लिहून झाली, पण लेखणी जागची हललीच नाहीं. तर पुढची नोंद आधींच्याच ओळीवर बसेल, एका शेतकऱ्याचा कापूस दुसऱ्याच्या नोंदीखालीं गडप होईल, आणि मुनिमाला मात्र सर्व ठीक चाललें आहे असेंच वाटेल!

आजची वही संगणकांत असते. तेथें लेखणीची जागा सांभाळणारा मुनीम म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. त्यास 'कर्नल' म्हणतात. (लष्करांतल्या कर्नलाशीं याचें नातें नाहीं.) 'लिनक्स' नांवाच्या कर्नलांत नोव्हेंबर २०२३ मध्यें नेमका हाच दोष शिरला, आणि तोहि एका दुरुस्तीच्या वाटेनें.

लिनक्समध्यें फायली ठेवण्याची 'एक्स्ट-फोर' नामक पद्धति आहे. फाइलीची वाढलेली लांबी डिस्कवर वेळींच नोंदली जावी, म्हणून तींत एक सुधारणा झाली. नव्या मालिकेंत तिनें हा घोटाळा केला नाहीं. परंतु पुष्कळ यंत्रें जुन्या ६.१ या मालिकेवर चालतात, म्हणून ६.१.६४ या आवृत्तींत तीच सुधारणा उतरविण्यांत आली. लेखणी केव्हां सरकवावी याविषयींचा दुसरा एक फेरफार नव्या मालिकेंत आधींच झालेला होता. जुन्या मालिकेंत तो नव्हता. जोडींतला एकच बैल गाडीस जुंपावा, तसें झालें.

मधली साठवण टाळून थेट डिस्कवर लिहिणाऱ्या प्रोग्रामांनाच याची बाधा होई. म्हणून घरगुती वापरांत तो सहसा दिसून येत नसे. असा मुका दोष अधिक भयंकर. चाचणींत विसंगति आढळली आणि यान कारा या अभियंत्यानें तिचें मूळ दाखविलें. 'डेबियन' या लिनक्स-वितरणाची १२.३ ही आवृत्ति ९ डिसेंबरला निघावयाची होती. चालकांनीं ती थोपविली. ऐन वेळीं थांबण्यास धैर्य लागतें. ६.१.६६ मध्यें उणीव दूर झाली आणि १० डिसेंबरला एकदम १२.४ बाहेर पडली.

मधल्या काळांत ज्या यंत्रांत सदोष कर्नल चालला, त्यांच्या मालकांस नवा कर्नल घालणें पुरेसें नव्हतें. पुसली गेलेली ओळ तो परत आणीत नाहीं. ती निराळ्या डिस्कवर ठेवलेल्या जुन्या प्रतींतच सांपडावयाची.