एसएनसीयूतले बाळ वाचणार नसेल, तेव्हा नर्स काय करते?

कुडव्यातल्या बाळंतिणींना गोंदियाचे बाई गंगाबाई महिला रुग्णालय जवळचे. जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या अत्यवस्थ बाळांवर उपचार होतात तो कक्ष म्हणजे एसएनसीयू.

उपचारांचा उपयोग उरला नाही, तरी नर्सचे काम थांबत नाही. बाळाला ऊब देणे, वेदना कमी ठेवणे, विनाकारण सुया न टोचणे आणि शक्य असेल तर त्याला आईच्या कुशीत देणे.

बाळ गेल्यावरही दोन-चार दिवसांत आईला पान्हा फुटतो. हे आधी सांगितलेले नसेल, तर तो धक्का वेगळाच. छाती घट्ट बांधू नये. ठणकत असेल तर आराम पडेल इतकेच दूध पिळावे, गार पट्टी ठेवावी. ताप आला तर दवाखाना गाठावा.

अशा वेळी केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २०२२ पासून ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा मिळते. रोवणीला जाणाऱ्या मजूर आईला ती लागू नाही.