गांजाच्या रोपाला ‘आधार’ नंबर? ब्लॉकचेनचा इथे काय संबंध?

गांजा आणि ब्लॉकचेन एकाच वाक्यात वाचून दचकू नका. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. (आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने तो गुन्हाच आहे.) त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटिश कोलंबिया प्रांताने सूचना मागवल्या, तेव्हा आयबीएमने चक्क ‘ब्लॉकचेन वापरा’ असं सुचवलं होतं.

कशासाठी? सरकारला दोन भीती असतात. परवान्याचा माल मागच्या दाराने काळ्या बाजारात जाईल, आणि काळ्या बाजारातला माल पुढच्या दाराने दुकानात येईल. म्हणून बी पेरल्यापासून विक्रीपर्यंत प्रत्येक टप्प्याची नोंद लागते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत तर रोपांना टॅग लावतात.

नोंद नसली की काय होतं, ते २०१९ मध्ये अमेरिकेत दिसलं. व्हेपिंग करणाऱ्यांच्या फुफ्फुसांना गंभीर इजा होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली, त्यातले ६८ दगावले. मुख्य संशय होता व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर. गांजातलं टीएचसी असलेली ही उत्पादनं अनेकांनी मित्रांकडून किंवा डीलरकडून घेतली होती. माग काढायचा कुठून?

ब्लॉकचेन काय करतं?

तलाठ्याकडचं फेरफार रजिस्टर आठवा. समजा, त्याची प्रत गावातल्या प्रत्येकाकडे आहे आणि प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा आहे. जुनी नोंद गुपचूप बदलली, तर पुढचे ठसे जुळणार नाहीत आणि चोरी लगेच उघडी पडेल. शेतकरी, प्रयोगशाळा, कारखाना, दुकानदार, सगळ्यांकडे तीच वही.

मग अडलं कुठे?

वहीत लिहिणारा माणूसच आहे! २०१९ मध्येच ओंटारियोतल्या एका परवानाधारक कंपनीने परवाना मिळण्याआधीच पाच खोल्यांत गांजा पिकवल्याचं हेल्थ कॅनडाला आढळलं. तपासनिसांना खोटी माहिती दिल्याचंही समोर आलं. ब्लॉकचेन असतं, तर तीच खोटी माहिती कायमची जपली गेली असती.

शिवाय परवाना देणारं सरकारच वही सांभाळत असेल, तर साधा डेटाबेसही पुरतो. कॅनडात कंपन्या दर महिन्याला सरकारी यंत्रणेत आकडे भरतात, कोलोरॅडोतही केंद्रीय यंत्रणाच आहे. ब्लॉकचेन खरं उपयोगी पडेल ते प्रयोगशाळेच्या अहवालांसाठी. कीटकनाशक सापडल्याचा अहवाल विक्रेत्याला नंतर बदलता येणार नाही, आणि पाकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की ग्राहकाला मूळ अहवालच दिसेल.