परिचारिकांची व्यावसायिक संघटना आणि आरोग्य धोरण : हैदराबादच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

हैदराबाद शहरात उस्मानिया, गांधी, निलोफर अशी मोठी शासकीय रुग्णालये आहेत. गेल्या काही दशकांत खाजगी रुग्णालयांची संख्याही फार वाढली आहे. तेलंगणाच्या जिल्ह्यांबरोबरच नांदेड, बीदर या सीमाभागांतील रुग्णही येथे उपचारासाठी येतात. या रुग्णालयांत चोवीस तास रुग्णाजवळ असते ती परिचारिका. आपल्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थिनी या व्यवसायाकडे वळत आहेत, म्हणून हा विषय अध्यापकांच्या जिव्हाळ्याचा आहे. एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत, तिचे वेतन किती असावे, तिचे शिक्षण कोणाच्या देखरेखीखाली व्हावे, हे प्रश्न धोरणाचे आहेत. धोरण ठरविताना परिचारिकांची व्यावसायिक संघटना कोणती भूमिका बजावते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

संघटनेची वाटचाल

१९०५ साली लखनौ येथे परिचारिका अधीक्षकांची संघटना सुरू झाली. त्यातूनच १९०८ मध्ये ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. १९१० पासून तिचे स्वतःचे नियतकालिक निघू लागले आणि १९२९ मध्ये विद्यार्थी परिचारिकांची शाखा निघाली.

त्या काळी प्रशिक्षित परिचारिका कोणाला म्हणावे, हेच निश्चित नव्हते. त्यामुळे नोंदणीचा कायदा ही पहिली गरज होती. मद्रास प्रांतात १९२६ मध्ये आणि मुंबई प्रांतात १९३५ मध्ये असे कायदे झाले. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालावेळी देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे साधारण ४३,००० लोकांमागे एक. समितीने ५०० लोकांमागे एक परिचारिका असे उद्दिष्ट ठेवले. पुढे १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने परिषदेवर एक सदस्य निवडून पाठविण्याचा अधिकार या संघटनेस दिला. राष्ट्रीय नियामक संस्थेत व्यवसायाच्या संघटनेला कायद्याने जागा मिळाली, ही मोठी गोष्ट होय.

कामगार संघटना व व्यावसायिक संघटना यांतील फरक

वेतन व सेवाशर्ती यांसाठी मालकाशी बोलणी करणे आणि वेळ पडल्यास संप करणे, हे कामगार संघटनेचे काम. व्यावसायिक संघटना शिक्षण, नोंदणी, नीतिनियम आणि कामाचे निकष यांकडे लक्ष देते. व्यवहारात दोहोंची गरज भासते. व्यावसायिक संघटनेचे बळ मुख्यतः एका गोष्टीत असते : वॉर्डात रोज येणारा अनुभव ती शासनाला व न्यायालयाला समजेल अशा निकषात मांडते.

याचे सोपे उदाहरण पाहू. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य कक्षात ३ खाटांमागे १ परिचारिका आणि रजेसाठी ३० टक्के राखीव परिचारिका असाव्यात. म्हणजे ३० खाटांच्या वॉर्डासाठी १० अधिक ३, एकूण १३ परिचारिका. ही संख्या ऐकण्यास मोठी वाटते. परंतु तीन पाळ्यांत विभागल्यावर एका पाळीत तीन-चारच उरतात. राखीव जागा भरल्या नाहीत तर एखादी आजारी पडताच एकीवर पंधरा रुग्णांचा भार येतो.

हा भार रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. कॅलिफोर्नियात परिचारिकांच्या संघटनेच्या प्रयत्नांतून १९९९ मध्ये रुग्ण-परिचारिका प्रमाणाचा कायदा झाला आणि २००४ पासून तो अंमलात आला.

२०११ ची याचिका

खाजगी रुग्णालयांतील अल्प वेतनाच्या प्रश्नावर ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनने २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्र शासनास समिती नेमण्याचे आदेश दिले. समितीच्या शिफारशी अशा :

१) २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयांत राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन असावे.
२) १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयांत ते १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे.
३) ५० ते १०० खाटांच्या रुग्णालयांत ते २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावे.
४) ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत.

शिफारस आणि अंमलबजावणी

आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने या शिफारशी अंमलबजावणीसाठी राज्यांकडे गेल्या. केरळात परिचारिकांनी मोठे आंदोलन केले आणि एप्रिल २०१८ मध्ये तेथील शासनाने किमान २०,००० रुपयांची अधिसूचना काढली. याचिकेने मापदंड दिला आणि आंदोलनाने तो राज्याच्या नियमात उतरविला, असा याचा अर्थ होतो.

हैदराबादचा अनुभव आणखी एक बाजू दाखवितो. कोविडच्या काळात, जुलै २०२० मध्ये, गांधी रुग्णालयातील कंत्राटी परिचारिकांनी वेतनवाढ व सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी काम बंद ठेवले होते. समितीने खाजगी रुग्णालयांसाठी शासकीय परिचारिकेचे वेतन हे माप धरले. परंतु शासकीय रुग्णालयातच एकाच कामासाठी कायम व कंत्राटी असे दोन दर असतील, तर ते मापच तोकडे पडते. म्हणून वेतनाबरोबर नेमणुकीची पद्धत हाही धोरणाचा विषय होणे आवश्यक आहे.

१९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिसेवा आयोग कायदा संमत केला. त्यात राज्य आयोगांचीही तरतूद आहे. यापुढे राज्य शाखांची जबाबदारी अधिक राहील, हे उघड आहे.

समारोप

थोडक्यात, संघटनेने नोंदणी, निकष व वेतन या तिन्ही बाबतींत प्रश्न धोरणापर्यंत नेले. कागदावरील शिफारस वॉर्डापर्यंत आणण्याचे काम मात्र प्रत्येक राज्यात वेगळे करावे लागते. अध्यापकांनाही यात वाटा उचलता येईल. नोकरीचा करार नीट वाचणे, पाळीतील रुग्णसंख्येची नोंद ठेवणे, मुद्देसूद निवेदन लिहिणे आणि ते राज्याच्या भाषेत मांडता येणे, या गोष्टी भाषेच्या वर्गात सहज शिकविता येतात. नीट ठेवलेली अशी नोंदच पुढे याचिकेचा किंवा नियमाचा आधार ठरते आणि तिचा लाभ परिचारिकेइतकाच रुग्णालाही मिळतो.