विश्लेषण : रेल्वेगाड्या पाहण्याचा छंद… कोणता घाट, कोणता पूल, कोणता फलाट? आणि धोक्याची रेषा कुठे?

पावसाळा सुरू झाला की घाटातून धुक्यात शिरणारी गाडी, धबधब्याशेजारून जाणारे डबे, पुलावरून सरकणारी मालगाडी अशा चित्रफिती मोबाइलवर फिरू लागतात. केवळ गाडी पाहण्यासाठी स्थानक गाठणारे, इंजिनाचा क्रमांक टिपून ठेवणारे रेल्वेप्रेमी महाराष्ट्रात पूर्वीपासून आहेत. आता त्यांच्यासोबत चित्रफितीसाठी रुळांवर उतरणारी गर्दीही वाढली आहे. गाड्या पाहण्यासाठी राज्यातील आणि शेजारच्या गोव्यातील कोणती ठिकाणे खरोखर चांगली आहेत, तेथे नेमके काय पाहायचे, कोणती दृश्ये संपत चालली आहेत आणि कायदा काय सांगतो, याचा आढावा.

घाटातल्या गाड्यांचे एवढे आकर्षण का?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातील पहिली प्रवासी गाडी धावली. ते अंतर सुमारे ३४ किलोमीटरचे आणि सपाटीचे होते. खरी परीक्षा पुढे, सह्याद्री ओलांडताना होती. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये, तर थळ घाटाचा म्हणजे कसारा घाटाचा मार्ग १८६५ मध्ये सुरू झाला. जेम्स बर्कले हे या कामांचे मुख्य अभियंता होते. बोरघाटाचे कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल यांचा १८५९ मध्ये मृत्यू झाला आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालवले. या घाटात कामाच्या काळात पटकी आणि अपघातांनी हजारो मजुरांचा बळी घेतला.

दोन्ही घाटांतील सर्वांत तीव्र चढ ‘१ : ३७’ आहे. म्हणजे दर ३७ मीटर अंतरामागे गाडी एक मीटर वर चढते. रस्त्याच्या दृष्टीने हा चढ किरकोळ वाटेल. पण लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यात घर्षण फार कमी असल्याने रेल्वेसाठी तो अवघड ठरतो. कर्जत ते लोणावळा या टप्प्यात गाडी सुमारे साडेपाचशे मीटर वर येते. त्यासाठी लागणारी धडपड डोळ्यांनी पाहता येते आणि कानांनी ऐकता येते, हेच घाटाचे आकर्षण.

गाडीला मागून इंजिन का लावतात?

ढोबळ हिशेब करून पाहू. २२ डब्यांच्या गाडीचे वजन प्रवाशांसह १,१०० टन धरले आणि त्यात ‘डब्ल्यूएपी-७’ या इंजिनाचे १२३ टन मिळवले, तर एकूण १,२२३ टन होतात. १ : ३७ च्या चढावर या वजनाचा सदतिसावा भाग, म्हणजे सुमारे ३३ टन इतका भार गाडीला सतत मागे ओढत असतो. या इंजिनाची सुरुवातीची कमाल ओढही जवळपास तेवढीच आहे. म्हणजे इंजिनाची सगळी ताकद गाडीला जागेवर धरून ठेवण्यातच संपते. वळणांचा विरोध आणि पावसाने निसरडे झालेले रूळ यांचा हिशेब तर वेगळाच.

म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला आणि नाशिककडे जाणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून जादा इंजिने लावतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती पुढे न लावता मागे लावण्यालाही कारण आहे. सगळी ओढ पुढूनच दिली तर डब्यांना जोडणाऱ्या कपलिंगवर प्रचंड ताण येतो. मागून रेटा मिळाला की तो ताण वाटला जातो आणि एखादे कपलिंग तुटलेच, तर सुटलेले डबे उतारावरून मागे घरंगळत नाहीत.

मग पाहायचे कुठे?

कर्जत हे नवख्यांसाठी सर्वांत सोपे ठिकाण. मुंबईहून लोकलने पोहोचता येते, फलाटावर सावली असते, चहा-वडा मिळतो. लांब पल्ल्याच्या गाडीच्या शेपटाला उभे राहिले की बँकर हळूहळू येऊन टेकणे, कर्मचाऱ्यांनी जोडणी तपासणे, पुढच्या आणि मागच्या इंजिनांनी शिट्ट्यांची देवाणघेवाण करणे आणि मग दोन्ही बाजूंनी एकदम जोर लागणे, हा सगळा क्रम काही मिनिटांत पाहायला मिळतो. १ जून १९३० पासून धावणारी ‘दख्खनची राणी’ही संध्याकाळी पुण्याकडे जाताना येथे थांबते.

घाट वरून पाहायचा असेल तर खंडाळ्याजवळची नागफणी. माथ्यावरून घाटातील रूळ, बोगदे आणि खालचा द्रुतगती मार्ग एकाच नजरेत येतात. गाडी एका बोगद्यात गडप होऊन दुसऱ्यातून बाहेर पडेपर्यंत किती वेळ लागतो, यावरून चढाची कल्पना येते. मात्र पावसाळ्यात कडा निसरडा असतो आणि धुके उतरले की काहीच दिसत नाही. त्यामुळे पाऊस ओसरल्यानंतरचा काळ उत्तम.

कसारा-इगतपुरीच्या बाजूला एहेगावचा उंच पूल हे जुन्या अभियांत्रिकीचे ठळक उदाहरण. कसाऱ्यापर्यंत लोकल जाते. पुढचा घाट गाडीच्या खिडकीतूनच पाहणे योग्य.

उतरणाऱ्या गाड्या पाहताना घाटातील ‘कॅच सायडिंग’ लक्षात ठेवावी. मुख्य मार्गाला फुटणारा हा आंधळा रूळ असतो. उतरती गाडी ठरावीक जागी थांबून ब्रेक ताब्यात असल्याचे दाखवते, तेव्हाच तिला पुढचा मार्ग मिळतो. ती थांबली नाही, तर सांधा तिला कॅच सायडिंगकडे वळवतो. घाटात गाडी ‘उगाच’ थांबली असे प्रवाशांना वाटते, त्यामागे बहुधा हे कारण असते.

कोकण रेल्वेवर काय पाहावे?

रोहा ते मंगळूर परिसरातील ठोकूर असा ७४१ किलोमीटरचा हा मार्ग ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली बांधला गेला आणि १९९८ मध्ये पूर्ण लांबीने खुला झाला. मार्गावर ९१ बोगदे आहेत. त्यांपैकी रत्नागिरी जिल्ह्यातील करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरील पूल ४२४ मीटर लांब असून त्याचा सर्वांत उंच खांब ६४ मीटरचा आहे. एवढ्या खोल दरीत आधार उभारण्याऐवजी पुलाचा वरचा भाग एका काठावर तयार करून टप्प्याटप्प्याने पुढे ढकलण्यात आला. हा पूल दुरून, दरीच्या बाजूने पाहिला तरच त्याची उंची कळते. वरून जाणाऱ्या प्रवाशाला ती जाणवतही नाही.

रोहा ते वीर हा भाग सोडला तर या मार्गाचा बहुतांश भाग एकेरी आहे. त्यामुळे समोरासमोरच्या गाड्यांचे क्रॉसिंग स्थानकातच होते. एक गाडी बाजूच्या रुळावर वाट पाहत उभी आणि दुसरी धडधडत निघून जाते, हे दृश्य कोकणातील छोट्या स्थानकांत हमखास मिळते. त्यातच १९९९ पासून सुरू असलेली ‘रो-रो’ सेवा. कोलाड ते वेर्णा या मार्गावर भरलेले ट्रक थेट सपाट वॅगनवर चढवून नेले जातात आणि चालक-क्लीनर आपापल्या केबिनमध्ये बसून प्रवास करतात. पन्नासेक ट्रक रुळांवरून जाताना पाहणे हा कोकण रेल्वेचा खास अनुभव.

पावसाळ्यात येथे वेगळे वेळापत्रक असते. अतिवृष्टीत गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली आणला जातो. पाहणाऱ्यांनी जुन्या वेळापत्रकावर विसंबू नये.

दूधसागरला जाता येते का?

कॅसलरॉक ते कुळे या घाटमार्गावर, गोव्याच्या हद्दीत, सुमारे ३१० मीटर उंचीच्या दूधसागर धबधब्याच्या मधूनच रेल्वे पूल जातो. देशातील बहुधा सर्वाधिक छायाचित्रे निघालेले हे रेल्वेदृश्य. येथेही चढ १ : ३७ असल्याने मालगाड्यांना पुढे-मागे अनेक इंजिने लागतात.

मात्र रुळांवरून चालत धबधबा गाठण्याची पद्धत बंद करण्यात आली आहे. जुलै २०२३ मध्ये येथे मोठी गर्दी उसळल्यानंतर रेल्वे पोलिसांनी तरुणांना परत पाठवले. काहींना उठाबशा काढायला लावल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. दक्षिण पश्चिम रेल्वेने त्या वेळी धबधबा डब्यातूनच पाहण्याचे आवाहन केले होते. पावसाळ्यानंतर कुळे येथून जीपने जंगलातून धबधब्याच्या पायथ्याशी जाता येते.

याच मार्गाच्या दुहेरीकरणावरून गोव्यात मोठा वाद झाला. पश्चिम घाटातील अभयारण्यातून जाणाऱ्या कॅसलरॉक-कुळे दुहेरीकरणाला मिळालेली वन्यजीवविषयक मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली.

लहान मुलांना घेऊन कुठे जावे?

माथेरान. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान गाडी केवळ दोन फूट रुंदीच्या रुळांवर धावते. २०१९ च्या पावसात मार्ग वाहून गेल्याने बंद पडलेली पूर्ण सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. पावसाळ्यात नेरळहून गाडी सुटत नाही; अमन लॉज ते माथेरान फेऱ्या मात्र चालू असतात. या टप्प्यात लाल मातीची पायवाट रुळांना लागूनच जाते आणि गाडीचा वेग अगदी कमी असतो.

शहरातच राहायचे असेल तर दादर. मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वेमार्गांवरील लोकल, मेल-एक्स्प्रेस तेथील पादचारी पुलावरून दिसतात. गर्दीची वेळ टाळून दुपारी जावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस तर २००४ पासून जागतिक वारसा स्थळ आहे.

कोणती दृश्ये संपत चालली आहेत?

मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी पहिली विजेची गाडी धावली, ती १,५०० व्होल्ट डीसी प्रवाहावर. पुढे घाटांत १९२८ पासून आलेली मालगाड्यांची इंजिने ‘खेकडा’ या नावाने ओळखली गेली. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईतील डीसी प्रवाह पूर्ण बंद होऊन सर्वत्र २५,००० व्होल्ट एसी आला आणि दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या खास इंजिनांचे कामच संपले. कोकण रेल्वेचे विद्युतीकरण जून २०२२ मध्ये राष्ट्रार्पण झाले. बोगद्यातून धूर सोडत बाहेर पडणारे डिझेल इंजिन तेथे आता क्वचितच दिसते. विदर्भातील ‘शकुंतला’ आणि मिरज-लातूर बार्शी लाइट रेल्वे या अरुंद मार्गांच्या गाड्याही गेल्या.

पुढचा क्रमांक बँकरचा असू शकतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई-सोलापूर आणि मुंबई-शिर्डी या वंदे भारत गाड्या बँकरशिवाय घाट चढतात. त्यांत ओढ एका इंजिनात नसून निम्म्या डब्यांखालील मोटारींमध्ये वाटलेली असते. प्रवाशांचा वेळ यामुळे वाचतो. कर्जतच्या फलाटावरची ती काही मिनिटांची लगबग मात्र अशा गाडीसाठी होत नाही.

कायदा काय सांगतो?

रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार परवानगीशिवाय रुळांवर किंवा रेल्वेच्या हद्दीत प्रवेश करणे गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. फलाटावर जाण्यासाठी प्रवासाचे किंवा फलाट तिकीट हवे. फलाट तिकीट दोन तासच चालते. व्यावसायिक चित्रीकरणासाठी आणि ड्रोनसाठी स्वतंत्र परवानगी लागते. कॅमेरा-तिपाई घेऊन जाणार असाल तर आधी स्थानक प्रमुखांना विचारणे शहाणपणाचे.

‘गाडी दिसली की बाजूला होऊ’ हे का चुकते?

ताशी १३० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ३६ मीटर कापते. अर्ध्या किलोमीटरवर दिसलेली गाडी १४ सेकंदांत अंगावर येते. मोबाइलच्या पडद्यावर ती आणखी दूर भासते. समोरून येणारी मोठी वस्तू प्रत्यक्षापेक्षा संथ वाटते, हा डोळ्यांचा दोषही त्यात भर घालतो. विजेचे इंजिन डिझेलसारखे दुरून ऐकू येत नाही. पाऊस आणि धबधब्याच्या आवाजात तर नाहीच. लोको पायलटने आपत्कालीन ब्रेक लावला तरी वेगातली गाडी थांबायला बरेच अंतर घेते. बोगद्यात आणि पुलावर बाजूला होण्यासाठी जागाच नसते.

उभ्या वॅगनवर चढून छायाचित्र काढणे तर त्याहून घातक. २५,००० व्होल्टच्या तारेला हात लागण्याचीही गरज नसते. पुरेसे जवळ गेले तरी वीज हवेतून उडी घेते.

जाण्यापूर्वी काय तपासावे?

गाडी नेमकी कुठे आहे हे ‘एनटीईएस’ या रेल्वेच्या सेवेवर कळते. मालगाड्यांचे वेळापत्रक मात्र जाहीर नसते. त्यांच्यासाठी संयमच लागतो. इंजिनावरील अक्षरे वाचायला शिकले की मजा वाढते. ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, ‘ए’ म्हणजे एसी विजेवर चालणारे, ‘डी’ म्हणजे डिझेल; पुढे ‘पी’ असेल तर प्रवासी गाडीचे आणि ‘जी’ असेल तर मालगाडीचे. त्याखाली लिहिलेले शेडचे नाव पाहिले की इंजिन कुठून आले तेही कळते. कल्याण, भुसावळ, अजनी ही नावे वारंवार दिसतील. एखादे दिवशी दूरच्या राज्यातील शेडचे इंजिन कर्जतला आलेले दिसले, तर वहीत नोंद करायला विसरू नका. फक्त ती फलाटावरच्या पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहून करा.