चार ते पाच चित्रकला

दोन वर्षांपूर्वी धाकटीला घरीच शिकवायचं ठरलं, तेव्हा मी पहिलं काम काय केलं असेल, तर वेळापत्रक आखलं. फुटपट्टीने, तीन रंगांच्या पेनांनी. आठ ते नऊ गणित, मग इंग्रजी, विज्ञान, इतिहास आणि सगळ्यात खाली चार ते पाच चित्रकला व निसर्ग. आखून झाल्यावर मलाच केवढं बरं वाटलं! कावीळ आणि मागोमागच्या आजारपणांत तिचं पाचवीचं अर्धं वर्ष बुडालं होतं. शाळेचं नाव काढलं तरी रडायची. घरी जरा मोकळी होईल, एवढाच आमचा हेतू.

पण मैत्रिणींनो, दुपारचे चार म्हणजे आपल्या घरात काय वेळ असते, तुम्हीच सांगा. चहा, नळाचं पाणी, कुणीतरी येऊन टेकलेलं. बचत गटाची बैठकही नेमकी तेव्हाच. शिवाय सकाळचं गणित राहिलं, की ते या तासात घुसायचं. सप्टेंबरमध्ये एकदा आवराआवर करताना तिची चित्रकलेची वही हाती लागली. पहिल्या पानावर जूनची तारीख आणि अर्धवट जास्वंद. पुढे सगळी कोरी. विचारलं तर म्हणाली, "शाळेत निदान शुक्रवारी तरी तास व्हायचा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. शाळा सोडवून मी शाळाच घरी आणली होती, तीही तिच्या आवडीचा तेवढा तास वगळून.

घरी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने मग शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या शिक्षिकेबद्दल सांगितलं. या बाईंनी १८८६ साली घरच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. लहान मुलांचे धडे वीस मिनिटांहून लांबवू नका, मुलांना भरपूर वेळ बाहेर राहू द्या, पाहिलेलं त्यांच्या वहीत उतरू द्या, असं त्यांचं म्हणणं. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. मुलाचा दिवस आधी पाहायचा, मग तास ठरवायचा, हे मला तिथे उमगलं.

मी वेळापत्रक उलटं केलं. सकाळी सातला मी झाडांना पाणी घालते, तेव्हा तिने वही घेऊन ओट्यावर बसायचं. वीसच मिनिटं. जे समोर दिसतं तेच काढायचं, खाली तारीख घालायची, खोडरबर वापरायचं नाही. सुरुवातीला माझंच तोंड थांबेना. "पान असं असतं का गं?" की ती वही मिटायची! मग मी पाइप हातात धरून मुकाट उभी राहायला शिकले.

पंधरवड्यातच कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट दिसली म्हणून मी ती पुसायला गेले, तर ती हलली! लिंबाळी फुलपाखराची अळी होती. धाकटी रोज तिचं चित्र काढू लागली. काही दिवसांनी अळीने रंग बदलला, पानासारखी हिरवीगार झाली. काडीने डिवचलं, तर डोक्यामागून दोन तांबूस-नारिंगी शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. मग कोष. त्याची वाट बघताना तिने नऊ पानं भरली. फुलपाखरू मात्र आम्ही पोळ्या लाटत असतानाच उडून गेलं. रडली बिचारी. पण तिने रिकाम्या कोषाचं चित्र काढलं, आणि ते तिचं सगळ्यात चांगलं चित्र आहे. विज्ञानातला जीवनचक्राचा धडा नंतर दहा मिनिटांत संपला.

आता तिच्या आजी खऱ्या शिक्षिका झाल्यात. हरतालिकेच्या पत्रीला त्या तिला बरोबर नेतात. आघाडा, दूर्वा, रुई... मला पदवीपर्यंत शिकून एवढी नावं येत नाहीत. बुधवारी दुपारी पुस्तकं बंद, त्या वेळी ठिपक्यांची रांगोळी. दिवाळीत किल्ला, त्यावर पेरलेल्या मोहरीची रोज मोजणी.

खोटं कशाला बोलू, अपूर्णांक मागे पडले. ते आम्ही मेमध्ये, आंबे कापून, चिडचिड करत पुरे केले. नातेवाईक अजून विचारतात, "मग दहावीचं काय?" वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली, की एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, तिला दहावीची परीक्षा देता येईल. तिथे चित्रकला हा रीतसर विषयही आहे. मी तो हौसेने सुचवला, तर म्हणाली, "नको. मग तू त्याचेही मार्क मोजशील."

यावर मी काय बोलणार? सध्या कढीपत्त्यावर पुन्हा चार अळ्या आहेत. फोडणीसाठी जुडी बाजारातून आणायची, असा सासूबाईंचा हुकूम आहे.