"महाग का?" या प्रश्नाला आपलं उत्तर काय?

ताई, आपण प्रदर्शनात स्टॉल लावतो. गिऱ्हाईक येतं, कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट हातात घेतं, किंमत बघतं आणि म्हणतं, "दुकानात तर यापेक्षा स्वस्त मिळतो." तेव्हा आपण काय करतो? एक तर गप्प बसतो, नाहीतर घाईघाईने म्हणतो, "घ्या, दहा रुपये कमी द्या."

दोन्हीत नुकसान आपलंच. कमी केलेले दहा रुपये आपल्याच मजुरीतून जातात. शिवाय गिऱ्हाइकाला वाटतं, आधी भाव चढवूनच सांगितला होता.

खरं तर तो प्रश्न भांडणाचा नसतो. आपला माल आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही. पाकिटाच्या बाहेरून सगळे मसाले लालच दिसतात. आत काय आहे ते आपणच सांगायला हवं.

काय सांगायचं? "घरगुती, शुद्ध, चविष्ट" हे शब्द प्रत्येक पाकिटावर असतात. त्याऐवजी असं सांगून बघा: "रंगासाठी ब्याडगी आणि तिखटासाठी लवंगी मिरची आहे, वरून रंग घातलेला नाही. कांदा वाळवून तेलात तळलाय. वास घेऊन बघा." जे करतो तेच सांगायचं. चक्कीवर दळलेला मसाला डंकावर कुटला म्हणून सांगू नका.

हिशोब करून दाखवा. समजा, 200 ग्रॅमचं पाकीट 120 रुपयांना आहे आणि एका भाजीला 10 ग्रॅम मसाला लागतो. म्हणजे एका पाकिटात 20 भाज्या, एका भाजीला 6 रुपये. 120 ऐकून मागे सरकणारी बाई 6 रुपये ऐकून थांबते.

आपण नसताना लेबल बोलतं. मालाचं नाव, त्यात घातलेले जिन्नस, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचा, बॅच नंबर, किंमत, आपला पत्ता, तक्रारीसाठी फोन, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर, हे सगळं त्यावर हवं. पेनाने खाडाखोड केलेली तारीख बघून चांगला मालही लोक परत ठेवतात.

गिऱ्हाईक टिकतं ते सारख्या चवीमुळे. लिज्जत पापड 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केला. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करत, हलका पापड स्वस्तात विकायला. त्यांना सल्ला देणारे छगनबाप्पा म्हणाले, एकच चांगली प्रत ठेवा, दर्जात तडजोड नको. त्यांनी ते ऐकलं, आणि आज लिज्जतचं नाव घरोघरी आहे.

आपणही माप ठरवून लिहून ठेवूया. अंदाजाने मूठभर घातलं की या महिन्याचा मसाला तिखट आणि पुढच्या महिन्याचा फिका होतो. पहिल्यांदा गिऱ्हाईक आपल्या बोलण्यावर घेतं, दुसऱ्यांदा चवीवर.

विक्रीच्या वहीत गिऱ्हाइकाला विचारून त्याचं नाव आणि फोन नंबर लिहा. पाकीट संपायच्या सुमारास एक फोन करा: "ताई, मसाला कसा वाटला?" तक्रार असेल तर वाद न घालता पाकीट बदलून द्या. मिरची महागली म्हणून भाव वाढवायचा असेल, तर आधी कळवा आणि कारण सांगा. गुपचूप वजन कमी केलं, तर ते आज ना उद्या कळतंच.

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की दहा मिनिटं काढा. एकीने गिऱ्हाईक व्हायचं आणि विचारायचं, "एवढं महाग का?" बाकीच्यांनी आळीपाळीने उत्तर द्यायचं. आधी हसू येईल, येऊ द्या. बैठकीत जीभ वळली की स्टॉलवर अडखळणार नाही.